पंप थांबल्यावर

वडील गेल्यापासून त्यांच्या जुन्या पिकअपचा इंजिनाचा दिवा तिसऱ्यांदा लागला होता. यापुढे लागला तर गाडी भंगारात, असं भावाने लॉर्नाला बजावलं होतं. ड्वाइट मेकॅनिकने तपासणीचं यंत्र लावलं. बिघाडाचा कोड तोच, पेट्रोलच्या वाफेचा.

"पेट्रोल भरताना पंप आपोआप थांबला, की काय करतेस?"

"आणखी दोन घोट पाजते. सवय आहे."

"मग दोष गाडीत नाही, तुझ्या हातात आहे. जादाचं पेट्रोल वाफेच्या नळीत शिरतं. तेवढं थांबव, गाडी अजून दहा वर्षं पळेल." ड्वाइट हसायला लागला. "म्हणजे तुझा म्हातारा खरं बोलत होता. दरवर्षी हाच दिवा घेऊन यायचा. मी ओरडलो, की म्हणायचा, 'मी कुठे भरतो? पोरगी भरते. ऐकते का माझं?'"

बाबा जाईपर्यंत लॉर्ना बारा वर्षं दूर सिएटलला राहत होती. नाताळला घरी यायची, तेव्हाही बाबा तिला या गाडीच्या किल्लीला हात लावू देत नसत.

"खरंय," ती म्हणाली. "किती वेळा सांगितलं बिचाऱ्यांनी मला."