कॉलर

उंबरगावची कपड्यांची कंपनी बंद पडली, तशी शितल सायवनला घरी परतली. बाबाने जुनं शिलाई मशीन आणून ओट्यावर मांडलं. "कंपनीत लाग, हातात कला येईल," असं तिला सांगणारे शाळेतले तात्या गुरुजीच शर्टाचं कापड घेऊन पहिले आले.

शितलने बघता बघता कॉलर शिवली. गुरुजी हरखले. "रेडीमेडला लाजवेल गं."

सवयीने तिने कॉलर उजवीकडे सरकवली. तिथे कुडाची भिंत होती.

"बाकीचा शर्ट कधी देशील?"

"बाकीचं पुढच्या बाया करायच्या, गुरुजी," ती हळूच म्हणाली. "तीन वर्षं मी नुसती कॉलरच शिवली."

अंगणात बाबा कोणाला तरी सांगत होता, "टाक कापड बिनधास्त. पोरगी कंपनीत शिकलेली आहे."