नोकरीचा तिसरा महिना

"नको" म्हणायला वेदश्रीने तोंड उघडलं, तोवर नवऱ्याने, प्रभंजनने, नोकरीच्या अर्जावर तिचं नाव घालूनही टाकलं होतं.

"अहो, नऊ वर्षं झाली. मला आता काय येतंय?"

"टायपिंग येतं, इंग्रजी येतं. स्मृती होणार म्हणून नोकरी सोडलीस. आता ती तिसरीत गेली की. आणखी किती दिवस घरात बसणार?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो कधीच नसे. सरकारी कचेरीत पंधरा वर्षं काढलेला, सावकाश बोलणारा माणूस. शेजारच्या सरस्वतीअक्का तर म्हणाल्या, "नशीबवान आहेस बघ. आमच्यात बाजारला जायचं म्हटलं तरी विचारावं लागतं."

मग वेदश्रीला नको म्हणायला तोंडच उरलं नाही.

कोप्पीकर रोडवरच्या एका ऑफिसात तिला टायपिंगच्या परीक्षेला कॉम्प्युटरसमोर बसवलं. टाइपरायटरच्या सवयीने ओळ संपली की दांडा सरकवायला तिचा डावा हात वर जाई आणि हवेतच थांबे. शेजारची विशीतली मुलगी हसू दाबत राहिली. दुसऱ्या ठिकाणी साहेबांनी विचारलं, "एटी-नाइनपासून काय करत होता?"

"मुलगी वाढवत होते."

साहेबांनी पुढ्यातल्या कागदावर काहीच लिहिलं नाही.

घरी येऊन ती रडली. प्रभंजनने समजूत काढली, आणि दुसऱ्या दिवशी तिचं नाव कॉम्प्युटर क्लासला घातलं. रोज संध्याकाळी स्कूटरवरून तोच तिला पोचवायचा.

तिसरं ठिकाण दुर्गदबैलच्या बाजारात होतं. खाली शेट्टर यांचं लोखंडी सामानाचं ठोक दुकान, वर ऑफिस. म्हाताऱ्या शेट्टरअण्णांनी "बर्री अक्का, कुंदर्री" म्हणत बसायला खुर्ची पुढे केली. तिचं इंग्रजी पत्र वाचून मान हलवली आणि विचारलं, "घरात लहान कोण?"

"मुलगी. आठ वर्षांची."

"तिला कोण बघणार?"

बाजूला बसलेला प्रभंजन म्हणाला, "ते मी बघतो. तुम्ही काळजी करू नका."

सकाळी नऊला जायचं, घरी यायला साडेसात. स्मृती शाळेतून आली की सरस्वतीअक्कांकडे थांबायची. एके दिवशी अक्कांना अचानक दवाखान्यात जावं लागलं. वेदश्री घरी आली तेव्हा स्मृती बंद दाराच्या पायरीवर, दप्तरावर डोकं ठेवून झोपली होती. गालावर डास चावल्याच्या गांधी उठल्या होत्या.

"मी उद्यापासून जात नाही," वेदश्री म्हणाली.

"एका दिवसासाठी नोकरी सोडणार?" प्रभंजनने शांतपणे विचारलं. "स्मृतीला धारवाडला माझ्या आईकडे ठेवू. शाळाही तिथलीच. दुपारी गरम जेवण तरी मिळेल."

"ती माझ्याशिवाय झोपत नाही हो."

"सवय होईल. तुलाही होईल. दोन-तीन महिने काढ, मग तुला वाटेल ते कर. मी अडवणार नाही."

आठवड्यात शाळेचा दाखला निघाला. वेदश्रीने फ्रॉक, वह्या, रात्री लागणारी गोधडी पिशवीत भरली. बस सुटली तेव्हा प्रभंजनच्या मांडीवर बसलेल्या स्मृतीने खिडकीतून आईला हात केला नाही.

दर रविवारी वेदश्री धारवाडला जायची. सासूबाई अंबूताई कधी वाकडं बोलल्या नाहीत. मुलीच्या वेण्या घट्ट घातलेल्या असत, नखं कापलेली असत. तक्रार करायला जागाच नव्हती.

तिसऱ्या महिन्यातल्या एका रविवारी स्मृती अंगणात पडली. गुडघा फुटला. रडत आत आली तशी वेदश्रीने दोन्ही हात पुढे केले. स्मृती तिला वळसा घालून गेली आणि आजीच्या पदरात शिरली.

परतीच्या बसमध्ये वेदश्रीने ठरवून टाकलं.

सोमवारी सकाळी ती शेट्टरअण्णांसमोर उभी राहिली. "अण्णा, महिनाअखेरीला मी काम सोडते."

"का अक्का? चांगलं चाललंय की."

"मुलगी तिकडं आहे. ती माझी राहिलेली नाही."

शेट्टरअण्णांनी चष्मा काढून पुसला. "एवढंच? मग तिला इकडं आणा की. शाळा सुटली की सरळ वर येऊ दे. माझी नातपण दुपारी इथंच अभ्यासाला बसते, दोघी बसतील. आणि तुम्ही चारला सुटत जा. राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी."

इतकं सोपं होतं? वेदश्रीला वाटलं. तीन महिन्यांत हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तिच्याही नाही. जागेवर येऊन बसली तेव्हा तिच्या तोंडावर हसू होतं. संध्याकाळी प्रभंजनला सांगायचं, आणि शनिवारी दोघांनी मिळून स्मृतीला घेऊन यायचं. जुन्या शाळेत पुन्हा घेतील का, तेवढं विचारायला हवं.

अकराच्या सुमारास टपाल आलं. बिलं, दरपत्रकं, आणि एक रजिस्टर पाकीट. त्यावर तिचंच नाव होतं, खाली दुकानाचा पत्ता. तिच्या नावाने ऑफिसात आलेलं हे पहिलंच पत्र. कॉम्प्युटर क्लासचं सर्टिफिकेट असणार, असं समजून तिने सही केली आणि पाकीट फोडलं.

आत धारवाडच्या एका वकिलाची नोटीस होती. इंग्रजी मजकूर तिने उभ्यानेच वाचला. माझे अशील, आपले पती श्री. प्रभंजन यांनी वारंवार विनवण्या करूनही आपण नोकरीचा हट्ट सोडला नाही व आठ वर्षांच्या मुलीला टाकून दिलेत. सबब घटस्फोट आणि मुलीचा कायमचा ताबा त्यांना मिळावा.