बेसिनशेजारचा ट्रे

"अगं बाई, हे तर आपल्या वॉर्डातलं बेसिन!" मावशी प्रयोगशाळेच्या दारातच थबकल्या. "हा कोपऱ्याचा टवका माझ्यासमोर उडालाय. इथे कसं आलं?"

"भिंतीतून काढून आणलं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "या, बसा."

मावशी बसल्या नाहीत. तान्ह्या बाळांच्या वॉर्डात त्यांनी एकोणीस वर्षं लादी पुसली, दुपटी बदलली, वाट्या-चमचे उकळले. सिस्टरसमोर खुर्चीत बसायची सवय त्यांना कुठून असणार? त्यातून चार वर्षांपूर्वी याच सिस्टरनी भर वॉर्डात 'ही बाई हात न धुता बाळांना शिवते' म्हणून त्यांना घालवून दिलं होतं. आज बोलावल्यावर त्या आल्या, हेच खूप झालं.

सगळं हॉस्पिटल ज्यांच्या आवाजाला टरकून असायचं, त्या सिस्टरनी खुर्ची उगाचच पुढे सरकवली. रात्रभर मनात घोकलेलं एक वाक्य काही केल्या बाहेर पडेना.

शेवटी प्रयोगशाळेतली मुलगीच पुढे झाली. हिला हॉस्पिटलात सगळे बुडबुडेवाली म्हणत. एवढं शिकूनसवरून पोरगी दिवसभर बुडबुड्यांचे फोटो काढते, म्हणून सगळ्यात जास्त खिदळल्या होत्या त्या सिस्टरच.

"हा कॅमेरा सेकंदाला वीस हजार फोटो काढतो, मावशी. डोळ्याला जे दिसत नाही ते यात सावकाश दिसतं. बेसिनच्या जाळीखाली साचलेल्या पाण्यात मी निळा रंग टाकलाय. तुम्ही वॉर्डात हात धुवायचात ना, तसे जरा धुता?"

"नको, नको," सिस्टर घाईने म्हणाल्या. "परवाचीच फिल्म दाखव ना."

पण मावशींनी बाह्या वर सारून नळ सोडलासुद्धा. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगटं. मधली एकही पायरी चुकली नाही. आताच्या नव्या पोरींना सिस्टर रोज ओरडून हेच शिकवत होत्या आणि त्यांना ते जमत नव्हतं. सिस्टरना तिथे उभं राहवेना.

मुलीने आत्ता काढलेली फिल्म पडद्यावर लावली. नळाची धार थेट जाळीवर पडत होती. खालून तुंबलेलं पाणी वर आलं आणि त्यावर एक बुडबुडा फुगला. फुगत फुगत गेला, त्याचं कातडं एका जागी फाटलं आणि तो बसला. बसता बसता त्याच्या मधोमध पाण्याची एक बारीक काडी उभी राहिली. तिचे मणी झाले, मणी उडाले आणि बेसिनचा काठ ओलांडून पलीकडे पडले.

पलीकडे मुलीने पांढरा कागद ठेवला होता. त्यावर निळे ठिपके उठले होते.

"इथे आपला ट्रे असायचा," मावशी म्हणाल्या. "दूध पाजायच्या वाट्यांचा."

"हो. बाळं ज्यांच्यामुळे आजारी पडली ते जंतू खाली पाइपातल्या बुळबुळीत थरात होते," मुलगी म्हणाली. "बुडबुडे फुटले की ते असे वर यायचे आणि त्या वाट्यांमध्ये पडायचे."

आता गप्प राहून चालणार नव्हतं.

"मावशी, तुमचे हात स्वच्छ होते," सिस्टर म्हणाल्या. "पहिल्यापासून स्वच्छ होते. तो ट्रे मी ठेवला होता तिथे. हाताशी बरा म्हणून. आणि नाव तुमचं घेतलं. चुकलं माझं."

मावशी पडद्याकडेच बघत होत्या.

"पहिलं बाळ आजारी पडलं तेव्हा तुम्ही म्हणालात, दहादा हात धुवा. दुसरं पडल्यावर म्हणालात, वीसदा धुवा."

"हो."

"तिसरं गेलं, त्या दिवशी तर मी नळापासून हललेच नव्हते." त्या वळल्या. "म्हणजे मी धूत होते म्हणून?"

बुडबुडेवालीने फिल्म थांबवली. 'तसं नाही हो' म्हणून वेळ मारून नेता आली असती. सिस्टरना तो मोह झालाही.

"धुवा म्हणून सांगणारी मी होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलेलं केलंत."

त्यांनी पर्समधून पाकीट काढलं. मावशींचा काही दोष नव्हता असं लिहिलेलं पत्र होतं, खाली मोठ्या डॉक्टरांची सही होती. "सोमवारपासून कामावर या. मी सगळं बोलून ठेवलंय."

मावशींनी रुमालाला हात पुसले, पुन्हा एकदा पुसले आणि मग पाकीट घेतलं. उघडलं नाही.

"तुम्ही काढलंत त्याच महिन्यात माझी सून बाळंत झाली. मुलगा झाला. ती म्हणायची, घ्या ना हो आई, तुम्ही तर शेकड्यांनी बाळं हाताळलीत. मी नाही घेतलं. म्हटलं, माझ्या हातातच काहीतरी आहे."

"मग आता घ्या ना," सिस्टर कळवळून म्हणाल्या. "आज घरी गेल्या गेल्या घ्या."

"आता तो चार वर्षांचा आहे, सिस्टर. मी खाऊ आणला की स्टुलावर ठेवते आणि मागे सरते. मग तो येतो आणि उचलून नेतो." मावशी किंचित हसल्या. "त्याला वाटतं, सगळ्या आज्या असंच करतात."