माझी गुलाम

दोन शब्द बोलून निघायचं, असं ठरवून ऋजुता कॉव्हेंट्रीतल्या फातूच्या घरात शिरली. पण फातूने हात धरून तिला आत नेऊन बसवलं. फातूचे वडील तिकडे आफ्रिकेत, गँबियात वारले होते. खोलीत बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. रडून रडून फातूचे डोळे सुजले होते.

तेवढ्यात इसातू आली.

तिघी एकाच केअर होममध्ये कामाला. गेल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये इसातू फातूला सगळ्यांदेखत "माझी गुलाम" म्हणाली होती. ऋजुताचं डोकंच फिरलं. फातू बिचारी बोलणार नाही, मग आपणच बोलायला हवं, असं म्हणून तिने मॅनेजरकडे तक्रार केली. आपलं नाव कुठे येऊ न देता. सोमवारपासून इसातू सस्पेंड होती.

"ही बघा माझी गुलाम!" इसातू दारातूनच ओरडली. "बाप गेला म्हणून रडत बसलीये. मग माझा भात कोण शिजवणार?"

फातूने मान वर केली आणि रडता रडता खदखदून हसली. "गुलाम तू! तुझी आई, तुझी आजी!" म्हणत ती इसातूच्या गळ्यात पडली. सगळ्या बायका हसल्या. ऋजुता तेवढी थिजून बसली.

"घाबरलीस ना?" फातू डोळे पुसत तिला म्हणाली. "अगं, ही जोला जमातीची, मी सेरेर. फार पूर्वी दोन बहिणी नावेतून चालल्या होत्या. नाव मधोमध फुटली. एक एका काठाला लागली, दुसरी दुसऱ्याला. एकीची लेकरं ह्या, दुसरीची आम्ही. म्हणून एकमेकींना काहीही बोलायची मुभा. राग मानायचा नाही. आणि मयताच्या घरी तर बोलायलाच हवं, नाहीतर रडणारीला हसवणार कोण?"

मोठ्या परातीत मासे घातलेला भात आला. सगळ्या भोवती बसल्या, एकाच परातीत हात घालून जेवू लागल्या. इसातू ऋजुताला खेटून बसली. पाहुणीला चांगला तुकडा द्यायचा म्हणून काटे काढून मासा तिच्या बाजूला सरकवत राहिली.

"कोणीतरी माझ्या भल्यासाठी तक्रार केली म्हणे," फातू म्हणाली. "मला एका शब्दाने विचारलं तरी असतं."

"जाऊ दे गं," इसातू हळूच म्हणाली. "फक्त नोकरी गेली तर व्हिसाही जाईल. पोरांना काय सांगू, तेच कळत नाही."

ऋजुताने उचललेला घास परत ठेवला. ती म्हणाली,

"मी केली तक्रार."

इसातूची बोटं भातातच थांबली. मग तिने ऋजुतापुढचा माशाचा तुकडा आपल्याकडे ओढला, त्यात राहिलेला एक बारीक काटा शोधून काढला आणि तुकडा पुन्हा तिच्यापुढे सरकवला.