शेवटच्या रांगेपर्यंत

डेट्रॉइटच्या आमच्या थिएटरात नाटकाआधी कुंडीत पाणी ओतत, हे जग सोडून गेलेल्या आपल्या माणसांची नावं घेतात. त्या रविवारी तो मान माझा होता. पहिलं नाव मी मला अभिनय शिकवणाऱ्या गुरूंचं घेतलं, "मिस अर्नेस्टीन टॉलिव्हर." महिनाभर त्या हॉस्पिटलात होत्या आणि सकाळीच त्या वारल्याची बातमी आली होती.

"अगं मेले, मी जिवंत आहे."

सगळे मागे वळले. शेवटच्या रांगेत, आपल्या नेहमीच्या खुर्चीत मिस अर्नेस्टीन काठी टेकत बसत होत्या. "कालच घरी सोडलं मला. आत्ता बाहेर लॉबीत तपासणीला बसलेल्या नर्सकडून ब्लडप्रेशर बघून घेत होते. एकशे तीस निघालं. आता तुझ्यामुळे वाढलं असेल."

हशा पिकला. "चुकलं माझं, मिस अर्नेस्टीन," मी म्हणाले.

"ते राहू दे. माईक कुठाय तुझा, लॅट्रीस?"

"घेतलाच नाही."

त्यांनी काठी जमिनीवर आपटली. मग लोकांना म्हणाल्या, "नऊ वर्षं या खुर्चीतून हिला ओरडतेय, की तुझा आवाज इथपर्यंत ऐकू येत नाही. आज माझं मरणसुद्धा इथपर्यंत स्वच्छ ऐकू आलं. ही पोरगी माझ्या हाताखाली तयार झालीय बरं का."