बाळराजाचा सदरा

“बाह्या परत आखूड झाल्या बाई,” धुऊन वाळलेला सदरा झटकत सिडसेल परटीण कुरकुरली.

“आटला असेल,” इंगेबोर्ग शिंपीण मान वर न करता म्हणाली.

बाळराजा नऊ वर्षांचा असताना तापाने गेला, त्याला सात हिवाळे लोटले होते. राणीसाहेब अजून त्याच्याच नावाने डेन्मार्कचं राज्य चालवत आणि दरसाल त्याला नवा सदरा शिववत. त्यांना काही बोलायची कोणाची टाप नव्हती. मात्र दर आठवड्याला सदरा धुण्यात येई, तेव्हा गळ्याशी घाम असे, कोपरं झिजलेली असत, आणि ती झीज दरसाल मनगटाकडे सरकलेली असे.

खिडकीशी समुद्रावरचं धुकं टेकलं होतं. राणीसाहेब आत आल्या. त्यांनी बाही गालाशी धरली.

“दोन बोटं वाढव,” त्या हळूच म्हणाल्या. “माझं पोर मेलंय, इंगेबोर्ग. मीच पुरलंय त्याला. मग हे वाढतंय कोण?”