खर्डेकरांच्या उशीखालचं सिलिंडर

भिंगातून नंबर तिसऱ्यांदा वाचला आणि मी खुर्चीत टेकलो. चार हजार चारशे सतरा. माझ्या जुन्या रिव्हॉल्व्हरवर कोरलेला तोच नंबर; त्याचं हरवलेलं मूळ सिलिंडर, गोळ्या भरायचं फिरतं नळकांडं, हेच. त्याच्यासाठी तीस वर्षं दर दसऱ्याला मी जुनी शस्त्रं जमवणाऱ्या खर्डेकरांकडे यायचो, शस्त्रपूजेला मांडलेलं एकेक रिव्हॉल्व्हर उघडून नंबर बघायचो आणि जेवून परत जायचो.

यंदा पूजा नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या खर्डेकरांनी उशीखालून ही पुडी काढून दिली.

"कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"पहिल्यापासून. दिलं असतं, तर परत आला असतात का?"

माझ्यात रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. मी पुडी बांधून पुन्हा त्यांच्या उशीखाली सरकवली.

"नंबर जुळत नाही," मी म्हटलं. "पुढच्या दसऱ्याला परत बघतो."